डीएनएचा एकेक तंतू सोलापुरातही मोजता येतो

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

एम.एस्सी.च्या प्रकल्पांचे विषय ठरवायचे दिवस आले की जैवतंत्रज्ञान आणि सूक्ष्मजीवशास्त्राच्या विभागांत जुनीच यादी नव्याने टाइप होते. कडुनिंबाच्या पानांचा अर्क, तुळशीचा अर्क, डाळिंबाच्या सालीचा अर्क. आगर प्लेटवर चकती ठेवायची, तिच्याभोवतीचा जिवाणू न वाढलेला मोकळा गोल मिलिमीटरमध्ये मोजायचा, की प्रबंध तयार. त्यात वावगे काही नाही. पण त्याच वर्गात फळ्यावर डीएनए रेप्लिकेशनची, म्हणजे डीएनएची प्रत निघण्याची, आकृती काढताना ‘हे प्रत्यक्ष पाहायचे तर परदेशातली प्रयोगशाळाच हवी’ असा जो सूर लागतो, तो चुकीचा आहे. एकेका डीएनए रेणूवर प्रत काढण्याचे काम किती वेगाने चालले होते, कुठे अडले आणि कुठे नव्याने सुरू झाले, हे मोजण्याची एक पद्धत साधी काचपट्टी, मायक्रोपिपेट, दोन रसायने, अँटिबॉडीच्या (ठरावीक रेणूलाच चिकटणाऱ्या प्रथिनांच्या) दोन जोड्या आणि दोन रंग दाखवणारा फ्लोरोसन्स सूक्ष्मदर्शक एवढ्यावर भागते. तिला डीएनए फायबर पद्धत म्हणतात. ती कशी करायची आणि कुठे हमखास फसते, यासाठी हे पत्र. लांबले तर क्षमा असावी. थोडक्यात लिहिलेल्या कृतीवर विसंबूनच हा प्रयोग बहुतेकदा बिघडतो.

आधी, एकेक रेणू पाहायचा कशासाठी? मेसेल्सन आणि स्टाल यांनी १९५८ साली जड नायट्रोजन वापरून दाखवले की नव्या रेणूतला एक धागा जुना असतो आणि एक नवा. प्रयोग देखणाच, पण तो असंख्य रेणूंची मिळून सरासरी सांगतो, आणि सरासरीला एक खोड असते. प्रत जिथे निघते त्या जागेला फोर्क म्हणजे बेचके म्हणतात : झाडाची फांदी फुटते तशी, जुने दोन धागे उकलून जिथे नवे धागे बनतात ती जागा. समजा, औषध दिल्यावर पेशींत नवा डीएनए निम्माच तयार झाला. आता सगळे फोर्क निम्म्या वेगाने चालले, की निम्मे ठप्प होऊन बाकीचे पूर्वीच्याच वेगाने पळाले? की वेग तोच राहिला, पण सुरुवातच कमी ठिकाणी झाली? परीक्षानळीतला आकडा तिन्ही प्रश्नांना एकच उत्तर देतो. कर्करोगाचे औषध बेचके हळू करते, मोडते की नवे उघडूच देत नाही, यावर त्याचा पुढचा सगळा विचार अवलंबून असतो.

एकेक रेणू पाहणे तसे जुनेच आहे. १९६३ मध्ये जॉन केर्न्स यांनी इ. कोलाय या जिवाणूला ट्रिटियमयुक्त (किरणोत्सारी हायड्रोजन असलेले) थायमिडीन, म्हणजे डीएनएचा एक घटक, खाऊ घातले, पेशी अलगद फोडल्या, डीएनएवर फोटोग्राफिक इमल्शन चढवले आणि ते दोन महिने अंधारात ठेवले. तेव्हा मिलिमीटरहून थोडे लांब असे डीएनएचे वर्तुळ काळ्या ठिपक्यांच्या ओळीत उमटले. १९६८ मध्ये ह्युबरमन आणि रिग्ज यांनी तीच युक्ती सस्तन प्राण्यांच्या पेशींवर वापरून एकाच लांब रेणूवर अनेक ठिकाणांहून काम सुरू होते हे दाखवले. आता किरणोत्सारी द्रव्य नको आणि दोन महिनेही नकोत. पेशींना रंग देण्यापासून छायाचित्रापर्यंत तीन-चार दिवस पुरतात.

तत्त्व सोलापूरकरांना समजावून सांगायला फार शब्द लागू नयेत. यंत्रमागावर धोट्यात वीस मिनिटे लाल सुताची कांडी चालवा, मग वीस मिनिटे हिरव्या सुताची. कापड उतरल्यावर लाल पट्टा किती लांब आणि हिरवा किती हे फुटपट्टीने मोजा. माग कोणत्या वेगाने चालला आणि मध्ये थांबला का, ते माग न पाहता कळते. इथे लाल सूत म्हणजे क्लोरो-डिऑक्सियुरिडीन, हिरवे म्हणजे आयोडो-डिऑक्सियुरिडीन; प्रयोगशाळेच्या बोलीत सीएलडीयू आणि आयडीयू. दोन्ही थायमिडीनसारखे दिसतात, पेशी फसते आणि ते नव्या धाग्यात विणते. नंतर अँटिबॉडीने एकाला लाल आणि दुसऱ्याला हिरवे चमकवायचे.

पेशी कोणत्या घ्यायच्या, इथे पहिली चूक होते. यीस्ट स्वस्त म्हणून यीस्ट घेतले जाते आणि सगळ्या स्लाइड काळ्या निघतात. साध्या यीस्टकडे थायमिडीन कायनेज हे विकरच नसते; बाहेरून दिलेले सीएलडीयू त्याला वापरता येत नाही. त्यासाठी ते जनुक घातलेला खास वाण लागतो. मानवी पेशींचे वाण (सेल लाइन) पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्राच्या पेशी-भांडारात असतात, पण त्यांना कार्बन डायऑक्साइडचा इनक्युबेटर लागतो आणि तो सगळीकडे नसतो. अशा ठिकाणी फळमाशीच्या एस-टू पेशी घ्याव्यात. त्या २५ अंश सेल्सिअसला वाढतात, त्यांना कार्बन डायऑक्साइड लागत नाही, श्नायडर माध्यमात (पेशी वाढवण्याच्या द्रवात) १० टक्के सीरम घातले की त्या खूश. आपल्याकडे प्रत्येक विभागात पाण्याच्या तपासणीसाठी घेतलेला बीओडी इनक्युबेटर असतोच. तो उन्हाळ्यातही २५ अंश धरतो. माशीवर काम करणाऱ्या प्रयोगशाळा पुण्यात आहेत. पेशींसाठी तिथे विचारावे.

आता प्रमाणे. सीएलडीयू २५ मायक्रोमोलर, आयडीयू २५० मायक्रोमोलर. दुसरे दहापट यासाठी, की पहिले पेशीत उरलेले असले तरी दुसऱ्याने त्याला मागे सारावे. सीएलडीयूचे ६.५७ मिलिग्रॅम १० मिलिलिटर माध्यमात विरघळवले की २.५ मिलिमोलर साठा तयार होतो. त्यातले १०० मायक्रोलिटर १० मिलिलिटर पेशींना पुरतात. आयडीयू १० मिलिलिटरला ०.८८५ मिलिग्रॅम पडते. ते पाण्यात नीट विरघळत नाही, माध्यम कोमट करून हलवत राहावे लागते. तळाशी पांढरे कण दिसत असताना ओतले तर पेशींना मिळालेली मात्रा कागदावरच्या मात्रेएवढी नसते, आणि हिरवा पट्टा फिका का, हे कोडे शेवटपर्यंत सुटत नाही. दोन्ही द्रावणे फॉइलमध्ये गुंडाळावीत. क्लोरीन किंवा आयोडीन लागलेला डीएनए तीव्र प्रकाशात तुटतो, म्हणून रंग दिल्यापासून ट्यूबलाइटही शक्यतो बंद. दोन्ही रसायने डीएनएत शिरतात, तेव्हा ती आपल्याही डीएनएत शिरू शकतात. हातमोजे सोडू नयेत.

मानवी पेशींना प्रत्येक रंग २० मिनिटे पुरतो. एस-टू पेशी २५ अंशांवर असल्याने ३० मिनिटांपासून सुरुवात करावी आणि मात्रा एकदा चाचणी घेऊन ठरवावी. भांड्याला चिकटलेल्या पेशी दोन रंगांच्या मध्ये माध्यमाच्याच तापमानाच्या पीबीएसने (पेशींना सोसणाऱ्या क्षारांच्या द्रावणाने) दोनदा झरकन धुवाव्यात. थंड पीबीएस घातले की फोर्क मंदावतात आणि ती मंदी औषधाच्या नावावर चढते. एस-टू पेशी भांड्याला नीट चिकटत नाहीत. त्यांना धुवायला सेंट्रिफ्यूज करत बसले तर पाच मिनिटे हातची जातात आणि त्या वेळात पहिला रंग विणला जातच असतो. म्हणून त्यांना न धुता वरूनच दहापट आयडीयू द्यावे. वेळ संपली की लगेच बर्फावरचे पीबीएस. आता थंडच हवे. पेशी मिलिलिटरला ५ लाख अशा ठेवाव्यात आणि त्यांत रंग दिलेल्या एका पेशीमागे रंग न दिलेल्या दोन किंवा अधिक पेशी मिसळाव्यात. नाहीतर तंतू एकमेकांवर पडून लड सुटतच नाही.

यापुढची पायरी म्हणजे सगळ्या प्रयोगाचा जीव. स्लाइडच्या वरच्या टोकाजवळ २ मायक्रोलिटर पेशी ठेवायच्या. थेंब कडांकडून थोडा आटू द्यायचा, पण सुकू द्यायचा नाही. त्यावर ७ मायक्रोलिटर लायसिस बफर, म्हणजे पेशी फोडणारे द्रावण. तो असा करावा : १ मोलर ट्रिस ७.४ पीएचचे २ मिलिलिटर, ०.५ मोलर ईडीटीए १ मिलिलिटर, १० टक्के एसडीएस अर्धा मिलिलिटर आणि पाणी साडेसहा. एकूण १० मिलिलिटर. एसडीएस पेशीचे आणि केंद्रकाचे आवरण विरघळवते, ईडीटीए मॅग्नेशियम बांधून ठेवते म्हणून डीएनए कापणारी विकरे थंड पडतात. बफर फ्रिजमधून काढला असेल तर एसडीएसचा पांढरा साका बसलेला असतो. कोमट करून स्वच्छ झाल्याशिवाय वापरू नये. पिपेटच्या टोकाने एकदाच हलके ढवळावे. दोनदा ढवळले की तंतू तुटतात.

पाच ते आठ मिनिटे थांबून स्लाइड तिरकी करायची. पंधरा अंश म्हणजे किती, तर ७५ मिलिमीटरच्या स्लाइडचे एक टोक साधारण दोन सेंटिमीटर वर. पेट्रीडिशची झाकणे एकावर एक ठेवून हे जमते, कोनमापक नको. थेंब स्लाइडच्या खालच्या टोकाला पोचायला तीन ते पाच मिनिटे लागावीत. मिनिटाच्या आत धावला तर तंतू ताणून तुटतात आणि सगळे पट्टे आखूड मोजले जातात. मध्येच अडला तर तिथे गुंता होतो आणि त्या गुंत्यातून मोजण्यासारखे काहीच निघत नाही. थेंब थबकला तर बोटाने टिचकी मारायची नाही, स्लाइड किंचित आणखी उचलायची.

इथे सोलापूरची हवा आडवी येते. परदेशी किंवा मुंबईच्या कृतीत ‘पाच मिनिटे थांबा’ लिहिलेले असते ते दमट, थंड खोलीच्या हिशोबाने. आपल्याकडे मार्च-एप्रिलच्या दुपारी, पंखा सुरू असताना, दोन मायक्रोलिटरचा थेंब त्याच्या कितीतरी आधी कोरडा होतो आणि पेशी काचेला करपून चिकटतात. घड्याळ पाहू नये, थेंब पाहावा. पंखा बंद, स्लाइड झाकणाच्या डब्यात आडव्या, डब्यात ओला टिश्यू पेपर. शक्य असेल तर हे काम सकाळी लवकर उरकावे. पावसाळ्यात उलटे होते, थेंब आटतच नाही आणि बफर घातल्यावर डबके होते. तेव्हा झाकण उघडे ठेवावे.

स्लाइड आडवी ठेवून वाळवल्यावर तीन भाग मिथेनॉल आणि एक भाग असिटिक आम्ल यात १० मिनिटे. हे मिश्रण त्याच दिवशी केलेले हवे. शिळ्या मिश्रणात दोन्हींची अभिक्रिया होऊन एस्टर तयार होतो आणि पकड जाते. या टप्प्यावर स्लाइड ४ अंशांवर काही आठवडे टिकतात, तेव्हा आठ-दहा दिवसांच्या एकत्र करून पुढे जावे, अँटिबॉडी वाचते.

मग २.५ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल, तास ते ८० मिनिटे. १२ मोलर आम्लाचे २१ मिलिलिटर ७९ मिलिलिटर पाण्यात. आम्ल पाण्यात ओतायचे, उलट नाही. मुळात आम्लच का, हा तोंडी परीक्षेला विचारण्यासारखा प्रश्न आहे. अँटिबॉडी सीएलडीयूला फक्त एकेरी धाग्यावर ओळखते. दोन्ही धागे एकमेकांना बांधलेले असतील तर तो रेणूच्या आत दडलेला असतो. आम्ल धागे सोडवते. कमी वेळ ठेवले तर पट्टे तुटक आणि फिके दिसतात, जास्त ठेवले तर प्युरिन (डीएनएच्या चार अक्षरांपैकी दोन) गळून धागा ठिसूळ होतो आणि धुताना निघून जातो. खोली ४० अंशांवर असेल तर तेच आम्ल जास्त वेगाने काम करते. २५ अंशांच्या पाण्याच्या टबमध्ये कोप्लिन जार (स्लाइड उभ्या ठेवण्याची बरणी) ठेवले की उन्हाळा आणि हिवाळ्याचे निकाल एकमेकांशी ताडता येतात. नंतर पीबीएसने तीनदा धुणे. टाकीत साठवलेल्या नळाच्या पाण्याने धुऊ नये. क्षारांचे स्फटिक काचेवर राहतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली तेच आधी चमकतात.

अँटिबॉडीबद्दल जरा अधिक लिहायला हवे, कारण पैसा इथे जातो आणि खोटे निकालही बहुतेक इथेच जन्मतात. बाजारात सीएलडीयू किंवा आयडीयूची वेगळी अँटिबॉडी शोधायला गेले तर सापडत नाही. दोन्ही ब्रोमो-डिऑक्सियुरिडीन या त्यांच्याच भावंडाच्या नावाने विकल्या जातात. उंदराच्या जातीतल्या मोठ्या रॅटपासून केलेली बीयू-१/७५ ही सीएलडीयूला धरते, माउसपासून केलेली बी-४४ ही आयडीयूला. आधी बीएसए (गाईच्या रक्तातले प्रथिन) ५ टक्के आणि ट्वीन (साबणासारखे द्रव्य) ०.१ टक्के घातलेल्या पीबीएसमध्ये तासभर, मग दोन्ही एकत्र, शंभरास एक या पातळीपासून सुरुवात करून, स्लाइडमागे ५० मायक्रोलिटर, वर पॅराफिल्मचा तुकडा, ओल्या डब्यात दीड-दोन तास. बी-४४ थोडी सीएलडीयूलाही धरते, म्हणून नंतर जास्त मिठाच्या बफरने, म्हणजे ४०० मिलिमोलर सोडियम क्लोराइड आणि ०.२ टक्के ट्वीन असलेल्या ट्रिसने, १५ मिनिटे धुणे टाळू नये. दुसऱ्या फेरीच्या, म्हणजे पहिल्या अँटिबॉडीला धरून चमकणाऱ्या, रंगीत अँटिबॉडी घेताना ‘क्रॉस-ॲडसॉर्ब्ड’ (दुसऱ्या प्राण्याच्या प्रथिनांना चिकटणारा भाग काढून टाकलेली) असे लेबलवर लिहिलेले पाहून घ्यावे. माउस आणि रॅट यांची प्रथिने इतकी जवळची आहेत, की साधी माउसविरोधी अँटिबॉडी रॅटच्या अँटिबॉडीलाही चिकटते आणि सगळे तंतू पिवळे दिसतात. लाल आणि हिरवे एकमेकांवर पडले की पिवळेच दिसणार; त्याला ‘नवा शोध’ म्हणू नये.

यासाठी दर वेळी दोन जादा स्लाइड हव्यात : एक फक्त सीएलडीयू दिलेल्या पेशींची, एक फक्त आयडीयूची, आणि दोन्हींवर दोन्ही अँटिबॉडी. पहिलीवर हिरवे दिसले किंवा दुसरीवर लाल दिसले, तर त्या दिवशीचे मोजमाप बाजूला ठेवावे. तिसरी तपासणी हायड्रॉक्सियुरियाची. आयडीयूसोबत ४ मिलिमोलर हायड्रॉक्सियुरिया दिले की पेशीतला न्युक्लिओटाइडचा, म्हणजे डीएनए बांधायच्या विटांचा, साठा संपतो आणि फोर्क जवळपास जागीच थांबतात. हिरवा पट्टा आखूड दिसलाच पाहिजे. तो दिसला नाही, तर तुळशीच्या अर्काने काय झाले हे विचारण्यात अर्थ नाही.

आता सूक्ष्मदर्शक. क्षयरोगाच्या थुंकी तपासणीसाठीचे एलईडी फ्लोरोसन्स सूक्ष्मदर्शक अनेक ठिकाणी आहेत आणि ‘तोच वापरू’ असे सुचवले जाते. त्यात फक्त निळा प्रकाश असतो. हिरवा रंग दिसेल, लाल नाही. म्हणजे निम्मा प्रयोग. पण तो निरुपयोगी नाही. डीएनएला चिकटून चमकणाऱ्या योयो-१ या रंगाला निळाच प्रकाश लागतो, तेव्हा अँटिबॉडीला हात लावण्याआधी नुसत्या योयोने रंगवून तंतू सरळ पसरलेत की गुंता झालाय एवढे त्यावर पाहता येते. विद्यार्थ्याने पहिल्या वीस-पंचवीस स्लाइड अशा वाया घालवाव्यात. शेवटच्या छायाचित्रांसाठी दोन रंगांचा, ६० पट तेलाचे भिंग आणि कॅमेरा असलेला सूक्ष्मदर्शक लागतोच. तो इथे नसेल तर कडक होणाऱ्या माउंटिंग माध्यमाने बंद केलेल्या स्लाइड डब्यात घालून, वर फॉइल गुंडाळून पहाटेच्या हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला नेता येतात. कोणती संस्था बाहेरच्यांना वेळ देते ते आधी पत्र पाठवून ठरवावे. तयार स्लाइड प्रवासाला घाबरत नाहीत, उन्हाला घाबरतात.

छायाचित्र घेताना एकाच रंगात फोकस करावा, मग सरकून अस्पर्श भागाचे दोन्ही रंगांत चित्र घ्यावे. फोकस करता करताच रंग उडतो. सुंदर तंतू शोधत फिरणे हा सर्वांत मोठा मोह. दिसेल तो भाग टिपायचा. स्लाइडवरची नावे दुसऱ्या कुणीतरी कागद चिकटवून झाकलेली असावीत आणि मोजणाऱ्याला औषधाची स्लाइड कोणती हे मोजणी संपेपर्यंत कळू नये.

वाचायचे कसे? लाल आणि त्याला लागून हिरवा : फोर्क दोन्ही वेळा चालू होता, वेग मोजायचा तो अशांचाच. हिरवा-लाल-हिरवा : पहिल्या रंगाच्या वेळी तिथे नवी सुरुवात झाली आणि दोन फोर्क दोन दिशांना गेले. लाल-हिरवा-लाल : समोरासमोरचे दोन फोर्क भेटले. नुसता हिरवा : दुसऱ्या रंगात सुरुवात. नुसता लाल : अडला किंवा संपला, पण इथे घाई नको, तंतू तिथेच तुटलेला असेल तरी असेच दिसते. एकेरी डीएनए ओळखणारी तिसरी अँटिबॉडी लावली तर तंतू पुढे चालू आहे की नाही ते कळते. ती परवडत नसेल तर ‘अडलेले फोर्क’ हा आकडा प्रबंधात ठामपणे लिहू नये.

लांबीचे रूपांतर असे : पसरलेल्या तंतूत १ मायक्रॉन म्हणजे सुमारे २.५९ किलोबेस (किलोबेस म्हणजे डीएनएची हजार अक्षरे). २० मिनिटांत पट्टा ११.६ मायक्रॉन निघाला तर ३० किलोबेस, म्हणजे मिनिटाला दीड. मानवी पेशींत मिनिटाला एक ते दोन किलोबेस ही नेहमीची मर्यादा. चार-पाच निघाले तर शोध लागलेला नसतो, बहुधा कॅमेऱ्याच्या पिक्सेलचे माप चुकलेले असते. २.५९ हाही सरासरीच आकडा आहे, थेंब कसा धावला त्यावर तो हलतो. लॅम्डा विषाणूचा डीएनए ४८,५०२ बेसजोड्यांचा असतो. तो तशाच स्लाइडवर पसरून, योयोने रंगवून मोजला की आपल्या हाताचा स्वतःचा गुणक मिळतो. प्रत्येक स्थितीत किमान दीडशे-दोनशे पट्टे, आणि हे सगळे तीन वेगळ्या दिवशी पुन्हा. लांबीचे वितरण एका बाजूला लांबलेले असते, त्यामुळे सरासरीऐवजी मध्यक द्यावा आणि टी-चाचणीऐवजी मान-व्हिटनी ही क्रमांकांवर आधारलेली चाचणी वापरावी.

आणखी एक समजूत काढून टाकायला हवी. फोर्क हळू म्हणजे वाईट आणि वेगवान म्हणजे चांगले, असे नाही. सुरुवातीच्या जागा कमी झाल्या की उरलेले फोर्क बऱ्याचदा वेगाने पळतात. ओलापारिब या कर्करोगाच्या औषधाने फोर्कचा वेग वाढतो आणि त्यातूनच डीएनएला इजा होते, असे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले. आणि अर्काची मात्रा एवढी दिली की पेशी मरायला लागल्या, तर फोर्क मंदावणारच. ती अर्काची खासियत नव्हे. आधी पेशी जगण्याची चाचणी घेऊन, ८०-९० टक्के पेशी जिवंत राहतील अशीच मात्रा घ्यावी. तेवढे केले तर नेहमीचा डाळिंबाच्या सालीचा प्रकल्पसुद्धा या पद्धतीने वेगळ्या उंचीवर जाईल.

यापुढची पायरी मॉलिक्युलर कोंबिंग. पॅरिसच्या बेन्सिमॉन आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये मांडलेली ही पद्धत थेंब धावू देण्याऐवजी सिलेन (डीएनएची टोके धरणारा थर) लावलेली काच डीएनएच्या द्रावणातून सेकंदाला ३०० मायक्रॉन या ठरावीक वेगाने वर ओढते. पाण्याची कड प्रत्येक रेणूला सारख्याच जोराने ताणते, म्हणून १ मायक्रॉन म्हणजे २ किलोबेस हे प्रमाण सगळीकडे एकसारखे राहते. द्रावणाचा पीएच ५.५ च्या आसपास हवा. तो चढला की टोके चिकटतच नाहीत, उतरला की रेणू जागोजागी चिकटून ताणला जात नाही. पेशी आधी ॲगरोजच्या (जेलीसारख्या पदार्थाच्या) वड्यांत बसवून तिथेच प्रोटिनेज-के या प्रथिने पचवणाऱ्या विकराने साफ कराव्या लागतात. खर्च आणि दिवस दोन्ही वाढतात. पहिल्याच वर्षी याच्या नादी लागू नये.

चालते काम डोळ्यांदेखत पाहायचे, म्हणजे एकाच डीएनएवर पॉलिमरेज (नवा धागा विणणारे विकर) पुढे सरकताना, तर मात्र खेळ बदलतो. तिथे कव्हरस्लिप पोटॅशियम हायड्रॉक्साइडने धुऊन, अमिनोसिलेन आणि त्यावर पॉलिइथिलीन ग्लायकॉलचा थर चढवतात, त्यातल्या शेकडा एक-दोन रेणूंना बायोटिन. त्यावर स्ट्रेप्टाव्हिडिन (बायोटिनला घट्ट धरणारे प्रथिन), त्याला डीएनएचे टोक. दुहेरी चिकटपट्टीतून कापलेल्या बारीक नळीतून द्रव वाहवतात आणि पृष्ठभागालगतचा शंभर-दोनशे नॅनोमीटरचाच थर उजळणाऱ्या लेसर सूक्ष्मदर्शकाने पाहतात. एक बुडबुडा गेला की दिवसभराचे काम धुऊन निघते, म्हणून सगळे बफर आधी निर्वातात ठेवून त्यांतली हवा काढतात. ऑक्सिजन शोषणारे ग्लुकोज ऑक्सिडेजचे मिश्रण घातले नाही तर रंग क्षणात विझतो. घातले तर ग्लुकॉनिक आम्ल साचून पीएच उतरत जातो, तेव्हा तेही ताजेच हवे. अशा कामातूनच २०१७ मध्ये इ. कोलायच्या प्रथिनांबाबत दिसले, की दोन्ही धाग्यांवरची पॉलिमरेजे हातात हात घालून नव्हे, तर आपापल्या लयीने, मध्येच थांबत चालतात. पुस्तकातली आखीव आकृती त्यामुळे थोडी ढिली झाली. हे इथे लगेच होणार नाही. २०१९ पासून नॅनोपोर, म्हणजे डीएनए बारीक छिद्रातून ओढून वाचणाऱ्या, यंत्राने ब्रोमो-डिऑक्सियुरिडीन थेट वाचूनही फोर्कची दिशा काढतात, पण त्यात संगणकाचे काम जास्त आणि यंत्राचे छिद्र बदलले की आज्ञावलीला नव्याने शिकवावे लागते.

फायबर पद्धत मात्र होईल. अडचण अँटिबॉडीच्या किमतीची आहे, आणि एका कुपीत एका विद्यार्थ्याला लागतात त्याहून कितीतरी जास्त स्लाइड होतात. शहरातल्या दोन-तीन महाविद्यालयांनी मिळून एक संच घ्यावा, आल्या दिवशीच १० मायक्रोलिटरच्या कुप्यांत वाटून उणे २० अंशांवर ठेवावा. गोठव-वितळव केलेली कुपी दुसऱ्यांदा वापरू नये. मागणी उन्हाळ्यात नोंदवू नये, वाटेत बर्फ टिकत नाही. जून-जुलैत पेशी आणि स्लाइड पसरवण्याचा सराव, दिवाळीनंतर खरे प्रयोग, फेब्रुवारीपर्यंत सगळ्या स्लाइड बंद. पट्टे मोजायचे काम तेवढे एप्रिलसाठी ठेवावे. त्याला दमट हवा लागत नाही.

आपले,
पेशीजीवशास्त्राचे दोन अध्यापक,
सोलापूर